आडवाटेच्या वाहनांची उंचीवाढ व टायरनिवड (वऱ्हाड)

आडवाटेच्या वाहनाची उंचीवाढ म्हणजे जीप अथवा एसयूव्ही प्रकारातील वाहनाच्या सस्पेन्शनमध्ये फेरफार करून त्याचा तळ मूळ पातळीपेक्षा वर उचलणे होय. बोलीभाषेत या बदलास 'लिफ्ट' असे म्हणतात. उंचीवाढीबरोबर बहुधा मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायरही बसवले जातात. हे दोन्ही बदल एकत्र केले जात असले तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. सस्पेन्शनमुळे वाहनाचा सांगाडा वर जातो. दोन चाकांना जोडणारी आस जमिनीपासून वर उचलण्याचे काम मात्र केवळ टायर करतो.

वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत आडवाटेच्या वाहनापुढे मुख्यतः तीन प्रकारचे अडथळे येतात: काळ्या मातीचा चिखल, सातपुड्यातील दगडी वाटा आणि पावसाळी नाले. या तिहींची गरज एकसारखी नाही. चिखलात टायरच्या नक्षीला, दगडात तळाच्या उंचीला आणि नाल्यात चालकाच्या निर्णयाला महत्त्व असते.

भूप्रदेश

ऐतिहासिक वऱ्हाडाचे पयनघाट व बालाघाट असे दोन भाग पाडले जात. पयनघाट म्हणजे पूर्णा नदीचे सखल, काळ्या मातीचे खोरे. त्याच्या उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग असून मेळघाट, चिखलदरा आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ला याच डोंगराळ पट्ट्यात येतात. दक्षिणेकडे पातूर परिसरातील डोंगर आहेत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे.

खोऱ्यातील काळी माती बेसॉल्ट खडकाच्या अपक्षयातून तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन चिकट व निसरडी होते. शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर बंडी व ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात. मोटारीची चाके अशा चाकोरीत उतरली की मधला उंचवटा वाहनाच्या तळाला अथवा आसेला टेकतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात.

याच प्रदेशातील मुख्य रस्ते मात्र उत्तम स्थितीत आहेत. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती–अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून पूर्ण करण्यात आली व तिची नोंद गिनेस विश्वविक्रमांत झाली. त्यामुळे येथील बहुतेक वाहनांचा अधिकांश प्रवास पक्क्या रस्त्यावर आणि थोडा प्रवास आडवाटेवर होतो. कोणताही बदल निवडताना हे प्रमाण प्रथम लक्षात घ्यावे लागते.

वाहनांची पार्श्वभूमी

भारतात महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. या जीपला अरुंद पण उंच टायर, पुढे-मागे पाट्याच्या स्प्रिंगा आणि दोन्हीकडे अखंड आस असे. मारुती कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या जिप्सीतही हीच मूळ रचना होती. हलके वजन व साधी बांधणी यांमुळे मेळघाटासह अनेक व्याघ्र प्रकल्पांच्या सफारीत जिप्सी रूढ झाली.

अलीकडच्या वाहनांची रचना वेगळी आहे. २०२० च्या महिंद्र थारमध्ये व २०२१ च्या फोर्स गुरखामध्ये पुढील चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असून मागे अखंड आस आहे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीत दोन्हीकडे अखंड आस व गुंडाळी स्प्रिंगा आहेत. जमिनीपासूनची मूळ उंची थारची २२६ मिलिमीटर, तर जिम्नीची २१० मिलिमीटर आहे. एकच लिफ्ट संच प्रत्येक वाहनावर सारखा परिणाम करत नाही, याचे कारण या रचनाभेदात आहे.

उंचीच्या संकल्पना

वाहन अडथळा ओलांडू शकेल किंवा नाही, हे पुढील चार मापांवरून ठरते.

तळउंची: वाहनाचा सर्वांत खालचा भाग व जमीन यांतील अंतर. अखंड आसेच्या वाहनात हा भाग बहुधा डिफरन्शियलचा गोळा असतो.

प्रवेशकोन: पुढील टायर व पुढील बंपरचा खालचा काठ यांना जोडणाऱ्या रेषेने जमिनीशी केलेला कोन. उभा चढ सुरू होताना तो उपयोगी पडतो.

मध्यकोन: दोन चाकांमधील तळ उंचवट्याला न टेकता वाहन पार होऊ शकेल असा कोन. दोन आसांमधील अंतर जितके अधिक, तितका तो कमी होतो.

निर्गमनकोन: मागील टायर व मागील बंपर यांमधील कोन. नाल्यातून वर चढताना मागचा भाग घासू नये यासाठी तो महत्त्वाचा असतो.

सस्पेन्शनच्या उंचीवाढीने तिन्ही कोन सुधारतात. अखंड आसेखालची तळउंची मात्र तशीच राहते, कारण आस स्प्रिंगच्या खाली असते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल सांगाड्याला जोडलेले असल्याने ते लिफ्टबरोबर वर जाते. त्यामुळे थारसारख्या वाहनात लिफ्टनंतर पुढचा डिफरन्शियल उचलला जातो आणि मागचा पूर्वीच्याच पातळीवर राहतो. चाकोरीत अडकणाऱ्या वाहनाला केवळ लिफ्टचा फारसा उपयोग का होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

टायरचे माप

टायरच्या बाजूवर २४५/७५ आर १६ असे माप लिहिलेले असते. यात २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूच्या भिंतीची उंची आणि १६ हा इंचांमधील रिमचा व्यास होय. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणी दर्शवते. एकूण व्यास काढण्यासाठी भिंतीच्या उंचीची दुप्पट रिमच्या व्यासात मिळवतात. काही मापांचे व्यास पुढीलप्रमाणे येतात:

२४५/७५ आर १६ : सुमारे ७७४ मिलिमीटर
२५५/६५ आर १८ : सुमारे ७८९ मिलिमीटर
२६५/७५ आर १६ : सुमारे ८०४ मिलिमीटर
२८५/७५ आर १६ : सुमारे ८३४ मिलिमीटर

व्यासात झालेल्या वाढीच्या निम्मीच वाढ तळउंचीत होते. पहिल्या मापावरून तिसऱ्या मापावर गेल्यास व्यास ३० मिलिमीटरने, पण आस केवळ १५ मिलिमीटरने वर जाते. चौथ्या मापाने ती ३० मिलिमीटरने उचलली जाते.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. चौथ्या मापाचा व्यास मूळ व्यासापेक्षा सुमारे ७.८ टक्के मोठा आहे. त्यामुळे वेगमापक फेरजुळणी न करता ताशी ८० किलोमीटर दाखवत असेल, तर वाहन प्रत्यक्षात सुमारे ८६ च्या वेगाने धावत असते. प्रवासाच्या किलोमीटरांची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते. इंजिनाकडून जमिनीला मिळणारा ओढ सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. घाटात खालचे गिअर अधिक वापरावे लागतात आणि इंधनाचा खर्च वाढतो. मोठे चाक जड असल्याने ब्रेक, बेअरिंग व स्टिअरिंगच्या जोडांवर अधिक ताण पडतो. अतिरिक्त चाक मागच्या दरवाजावर टांगलेले असल्यास त्याच्या बिजागऱ्यांवरही भार येतो.

मापाबरोबर भारांक व वेगचिन्ह पाहणे आवश्यक असते. भारांक ११२ म्हणजे एका टायरची १,१२० किलोग्रॅम भार पेलण्याची क्षमता. 'क्यू' या वेगचिन्हाचा अर्थ ताशी १६० किलोमीटरची मर्यादा असा होतो. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा असू नये.

टायरची नक्षी

पक्क्या रस्त्यासाठीच्या टायरची नक्षी बारीक असते. बाजारात 'एटी' या नावाने ओळखला जाणारा सर्वभूमी टायर मध्यम नक्षीचा, तर 'एमटी' म्हणजे चिखलासाठीचा टायर मोठ्या ठोकळ्यांचा व रुंद चरांचा असतो.

काळी माती बारीक चरांमध्ये चिकटून बसते. चर भरून गेले की टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चार चाकांची ताकद असूनही वाहन घसरते. एमटी टायरच्या रुंद चरांतून चाकाच्या फिरण्याबरोबर चिखल बाहेर फेकला जातो. परंतु हाच टायर ओल्या डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर कमी पकड देतो, थांबण्यास अधिक अंतर घेतो, आवाज करतो व लवकर झिजतो. वर्षभर मुख्यतः महामार्गावर चालणाऱ्या व अधूनमधून शेतात अथवा डोंगरात जाणाऱ्या वाहनास एटी टायर अधिक सोयीचा असतो. पावसाळ्यातही नित्य शेतावर जावे लागत असेल, तर एमटी टायरचे तोटे पत्करण्यास कारण उरते.

रुंद टायर नेहमीच श्रेयस्कर असतो असे नाही. चिखलाचा थर उथळ असून खाली मुरुम वा दगड असल्यास अरुंद टायर चिखल कापून टणक थरापर्यंत पोहोचतो. जुन्या जीपचे अरुंद टायर याच तत्त्वावर चालत. धाव बसवलेले बंडीचे उंच, अरुंद चाकही त्याच प्रकारचे. थर खोल असून खाली टणक तळ नसल्यास मात्र रुंद टायरमुळे वजन अधिक क्षेत्रावर विभागले जाते.

टायरमधील हवा कमी केल्यास जमिनीला टेकणारे क्षेत्र वाढते. मऊ जमिनीत हा उपाय परिणामकारक असून त्यास वाहनात कोणताही कायमचा बदल करावा लागत नाही. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे अनिवार्य आहे. अकोला व अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. कमी हवेचा टायर वेगात धावताना भिंतीच्या वारंवार दुमडण्याने तापतो व फुटू शकतो. टायरच्या भिंतीवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. '३५२३' म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा.

उंचीवाढीचे प्रकार

स्पेसर: मूळ स्प्रिंगच्या वर अथवा खाली जाड चकती बसवली जाते. हा स्वस्त उपाय आहे. मूळ शॉकॲब्सॉर्बर कायम ठेवल्यास चाकाला खाली उतरण्यास कमी वाव उरतो व खड्ड्यात झटके बसतात.

उंच स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर: दोन्ही भाग एकमेकांना अनुरूप अशा जोडीने बदलले जातात. खर्च अधिक असला तरी चाकाची हालचाल व आरामदायीपणा टिकतो. वाहनात नेहमी किती भार असतो, त्यावर स्प्रिंगचा कडकपणा निवडतात. रिकाम्या वाहनात अति कडक स्प्रिंग घातल्यास चाके उडतात व पकड सुटते.

पाट्यांतील बदल: पाट्याच्या स्प्रिंगांत अधिक बाक असलेले पाटे वा जादा पाटा घालतात किंवा लांब शॅकल लावतात. जुन्या जीप व जिप्सींत ही पद्धत आढळते.

बॉडी लिफ्ट: सांगाडा व वरचा साटा यांमध्ये ठोकळे घालून केवळ साटा उचलला जातो. मोठ्या टायरसाठी जागा मिळते, पण तळाची उंची वाढत नाही.

साधारण ४० ते ५० मिलिमीटरची वाढ मध्यम समजली जाते. त्यापुढे गेल्यास सस्पेन्शनच्या भुजा, ब्रेकच्या नळ्या व शाफ्टचे कोन यांतही बदल करण्याची गरज वाढत जाते.

तोल व सुरक्षितता

उंचीवाढीचा सर्वांत गंभीर परिणाम वाहनाच्या तोलावर होतो. बंडीत कापूस जितका उंच भरावा, तितकी ती आडव्या उतारावर कलण्याची भीती अधिक. मोटारीलाही तोच नियम लागू पडतो. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचे निम्मे भागिले गुरुत्वमध्याची उंची, या गुणोत्तरास स्थिर तोलांक म्हणतात. हा अंक जितका कमी, तितके वाहन उलटण्याची शक्यता अधिक.

उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर १,५०० व गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर मानल्यास तोलांक १.०७ येतो. लिफ्ट व टायर मिळून गुरुत्वमध्य ७५ मिलिमीटरने वर गेल्यास तो ०.९७ होतो. आडव्या उतारावर वाहन उलटण्याचा सैद्धांतिक कोन सुमारे ४७ अंशांवरून ४४ अंशांवर येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबून वाहन कलते, म्हणून खरी मर्यादा याहून बरीच कमी असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटातील वळणांवर, टपावर सामान लादलेल्या वाहनात किंवा महामार्गावर आडव्या आलेल्या जनावराला चुकवण्यासाठी एकाएकी स्टिअरिंग फिरवताना हा फरक निर्णायक ठरू शकतो.

इतर परिणामही लक्षात घ्यावे लागतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये शाफ्टचा कोन तीव्र होऊन सांधे लवकर झिजतात. जिम्नीसारख्या अखंड आसेच्या वाहनात उंची वाढली की आस किंचित एका बाजूस सरकते, तसेच स्टिअरिंगचा कल बदलून वाहन सरळ रेषेत धावेनासे होते. त्यासाठी दुरुस्तीचे भाग बसवावे लागतात. चाकांची संरेखन तपासणी प्रत्येक उंचीवाढीनंतर आवश्यक असते. पुढील दिव्यांचा झोत वर उचलला जातो व समोरच्या चालकाचे डोळे दिपतात, म्हणून दिव्यांचा कोन खाली घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली मूळ उंची व मूळ टायर गृहीत धरून जुळवलेली असल्याने तिचा प्रतिसादही बदलू शकतो.

नाले व पाणी

उंचीवाढीने वाहन पुराच्या पाण्यातून सुरक्षित जाऊ शकते, हा समज धोकादायक आहे. थारची जलक्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते, पण ती संथ पाण्यासाठी व टणक तळासाठी असते. वाहत्या पाण्याचा दाब वाहनाला आडवा ढकलतो, तर पाण्याची उत्प्लावकता चाकांवरील वजन कमी करते. मोठ्या टायरमध्ये हवा अधिक असल्याने ही उत्प्लावकता आणखी वाढते. डोंगरात झालेल्या पावसाने सातपुड्याच्या पायथ्याचे नाले खाली कोरडे आभाळ असतानाही चढतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर कोणत्याही उंचीच्या वाहनाने थांबणे हाच सुरक्षित मार्ग होय.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात मूळ निर्मितीशी विसंगत फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बदल करण्यापूर्वी अमरावती (एमएच-२७) अथवा अकोला (एमएच-३०) येथील परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर ठरते.

त्याच वाहनाच्या दुसऱ्या श्रेणीत उत्पादकानेच दिलेले टायरमाप निवडणे हा त्यातल्या त्यात निर्धोक पर्याय मानला जातो. चारचाकी वाहनांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असणे नियमानुसार बंधनकारक आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या वादाचे कारण बनतो; यात तृतीय पक्षाचे हितही गुंतलेले असते.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानात परवानगीविना प्रवेश करता येत नाही. परवानगी असली तरी ठरलेल्या मार्गावरूनच वाहन नेता येते. उंच केलेले वाहन हे जंगलात आडवाटा पाडण्याचे साधन ठरू शकत नाही.

निवडीचा क्रम

वरील बाबी विचारात घेता निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो.

१. वर्षभरातील प्रवासाचे महामार्ग, पांदण व डोंगर असे प्रमाण ठरवणे.
२. त्या प्रमाणानुसार टायरची नक्षी निवडणे.
३. मूळ रिमवर बसणारे व उत्पादकाच्या मापांच्या जवळचे टायरमाप निवडणे.
४. तो टायर पूर्ण वळणावर व स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना घासतो का, हे पाहणे. घासत नसल्यास लिफ्टची गरज पुन्हा तपासणे.
५. गरज असल्यास कमीत कमी पुरेशी उंची, अनुरूप स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बरसह निवडणे.
६. परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांचा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी मिटवणे.
७. काम झाल्यावर संरेखन, दिवे, ब्रेकच्या नळ्या व वेगमापक तपासणे.

ओढदोर, हवा भरण्याचा पंप व फावडे यांनी मिळणारा लाभ पुष्कळदा लिफ्टइतकाच असतो व तो वाहनाच्या तोलाला धक्का लावत नाही. वऱ्हाडातील शेतकरी पाऊस उघडल्यावर जमिनीत वाफसा येण्याची वाट पाहतो व मगच औत धरतो. काळ्या मातीच्या वाटेवर वाहन घालण्यासही हाच संकेत लागू पडतो. वाफसा येण्यापूर्वी नेलेले जड वाहन स्वतः रुतते. शिवाय त्याने पाडलेल्या खोल चाकोऱ्या त्याच पांदणीतून रोज जाणाऱ्या बंड्या व ट्रॅक्टर यांची वाट पुढील उन्हाळ्यापर्यंत बिघडवून ठेवतात.

हेही पाहा

वऱ्हाड
काळी माती
पूर्णा नदी
मेळघाट व्याघ्र प्रकल्प
राष्ट्रीय महामार्ग ५३
मोटार वाहन अधिनियम, १९८८